मदत हवी आहे: नाताळची सुट्टी दोघांनीच घरी, शांतपणे कशी घालवावी?

यंदा २५ डिसेंबर ते १ जानेवारी असे ८ दिवस आम्हा दोघांनाही एकदम सुट्टी मिळाली आहे. लग्नाला ६ वर्षं झाली, असा योग पहिल्यांदाच. कुठेही जायचं नाही, घरीच राहायचं, हे पक्कं.

मागच्या वर्षी ४ दिवस मिळाले होते. एक कपाटं आवरण्यात गेला, बाकीचे मोबाईलमध्ये. १००० तुकड्यांचं जिगसॉ कोडं हौसेने उघडलं, चारही कडा जुळवल्या आणि ते तसंच टेबलावर धूळ खात पडलं. शेवटच्या रात्री नवरा एवढंच म्हणाला, "आपण नीट बोललोच नाही गं." ते अजून मनातून जात नाही.

त्याला उशिरापर्यंत लोळायला आवडतं, मी पहाटेच उठते. ऑफिसचे मेल बघायचे नाहीत असं ठरवतो, तरी हात फोनकडे जातोच.

ज्यांनी अशी सुट्टी घालवली आहे त्यांनी कृपया सांगा: दिवस आखून ठेवता की मोकळे सोडता? फोन खरंच बंद ठेवता येतो का? आणि 'यंदा आम्ही दोघंच' हे घरच्यांना न दुखावता कसं सांगायचं? सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, खरी धाकधूक त्याचीच आहे.