मदत हवी आहे: मसाल्याच्या पाकिटावरून नोटीस आली, सात दिवसांत उत्तर द्यायचंय

चटकमटक | १२ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.४२
नमस्कार. घाईत लिहितेय, चुकलंमाकलं चालवून घ्या. कांदा-लसूण मसाला आणि दोन चटण्या करून विकते. घरगुती असलं तरी कागदपत्रं सगळी आहेत. काल पोस्टानं नोटीस आली, पाकिटावरच्या मजकुरात दोष आहे म्हणे. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर कोर्टात खटला दाखल करू. पाकीट आमच्या भागातलं नाही, लांबच्या जिल्ह्यात एका दुकानात सापडलंय. खुलाशाचा नमुना कुणाकडे असेल तर टाका. आणि सात दिवस कधीपासून मोजायचे? नोटिशीवर ४ तारीख आहे, हातात पडली ११ ला. कृपया "चांगला वकील गाठा" सांगू नका. वकिलाची फी द्यायला किती किलो मिरची कांडावी लागेल ते मला माहितीये.

तेलघाणा | रात्री १०.५८
फूडवाले असणार, म्हणजे अन्न व औषध प्रशासन. पाकिटावर चौदा आकडी नंबर आहे का? रजिस्ट्रेशन आहे की लायसन्स? वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या वर गेली की शंभर रुपयांचं रजिस्ट्रेशन चालत नाही, लायसन्सच लागतं. माझ्या लाकडी घाण्याला हाच फटका बसला होता. आणि ३१ मेच्या आत डी-१ रिटर्न, म्हणजे वर्षाचं विवरणपत्र, भरलंत का? उशिराला दिवसाला शंभर रुपये लागतात. ते आधी तपासा, सगळं तिथूनच सुरू होतं.

लेखाजोखा | रात्री ११.१०
रजिस्ट्रेशनवाल्यांना डी-१ लागत नाही हो, ते लायसन्सवाल्या उत्पादकांना. उगाच घाबरवू नका.
चटकमटक, नोटीस कुठल्या खात्याची आहे? कलम कोणतं लिहिलंय? दोष नेमका काय सांगितलाय? हे तीन कळल्याशिवाय नमुना देऊन काय उपयोग.

तेलघाणा | रात्री ११.१४
घाबरवत नाहीये, अनुभव सांगतोय. अन्नाच्या पाकिटाची नोटीस अन्न व औषधशिवाय दुसरं कोण काढणार?

उद्यमी | रात्री ११.३१
ताई, उद्यम नोंदणी केलीये का? फुकट होते, आधार आणि पॅन लागतं फक्त. सूक्ष्म उद्योग म्हणून नाव लागलं की सरकारी खाती जरा सांभाळून घेतात. माझा सगळ्यांना हाच सल्ला असतो.

चटकमटक | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५
उद्यम आहे. फूडचं रजिस्ट्रेशन आहे, नंबर छापलाय, ते मी विचारलंच नव्हतं. नोटिशीवर महाराष्ट्र शासन लिहिलंय, खाली निरीक्षकाची सही. कलम १८ आणि ३६, नियम ६ आणि १८. दोष म्हणून लिहिलंय "विक्री किमतीत फेरफार व आवश्यक घोषणा अपूर्ण". आता तरी कुणी नमुना देणार का?

लेखाजोखा | सकाळी ७.४०
हे वजनमापेवाले. वैध मापन शास्त्र अधिनियम २००९ आणि त्याखालचे पॅकबंद वस्तूंचे २०११ चे नियम. फूडशी काही संबंध नाही. नियम ६ म्हणजे पाकिटावर काय काय असलंच पाहिजे: नाव-पत्ता, पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन-ईमेल. नियम १८ म्हणजे छापील किमतीपेक्षा जास्त घेणं, किंवा ती खोडणं, झाकणं, बदलणं. तुम्ही किंमत बदलली होती का?
दिवसांचं: "मिळाल्यापासून" असं लिहिलं असेल तर ११ पासून धरा आणि लिफाफा जपून ठेवा, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याला महत्त्व आहे. तसं लिहिलं नसेल तर आजच्या आज मुदतवाढीचा अर्ज पाठवा.

नाना_मंडई | सकाळी ८.१५
चाळीस वर्षं गाळा चालवला, वजनमाप्यांचं काय ते मला विचारा. काटा दरवर्षी स्टँपिंगला, म्हणजे तपासून शिक्का मारून घ्यायला न्यायचो. एक वर्ष आजारपणात राहिलं आणि नेमकं तेव्हाच साहेब दारात. भांडत बसलो नाही. प्रशमन शुल्क भरलं, म्हणजे कोर्टात न जाता खात्यातच पैसे भरून प्रकरण मिटवलं, पावती घेतली, दुसऱ्या दिवशी धंद्याला लागलो. ताई, तुम्हीही तेच करा. पहिल्या वेळेला पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे कायद्यात, पण प्रशमनात पुष्कळदा कमीत सुटतं. कोर्टाच्या तारखांत हयात जाईल.

घिसाडघाई | सकाळी ८.३३
नाना, म्हणजे चूक नसताना पैसे भरायचे? म्हणूनच ही खाती सोकावलीत. ताई, एक पैसा देऊ नका. माहिती अधिकारात अर्ज टाका: गेल्या वर्षी किती दुकानं तपासली, किती केसेस केल्या, त्यात मोठ्या कंपन्यांच्या किती. उत्तर द्यावं लागलं की नरम पडतात.

नाना_मंडई | सकाळी ८.५०
अर्ज टाका, खुशाल टाका. त्याला महिना लागतो. यांच्या हातात आठवडा आहे.

कुरडई | सकाळी ९.०२
विषयांतराबद्दल माफी, पण तुम्ही मसाल्यात कांदा वाळवून घालता की तळून? आमच्या सासरी वाळवून, माहेरी तळून. तळलेला लवकर खवट होतो असा माझा अनुभव.

चटकमटक | सकाळी ९.२०
वाळवूनच. तळून पाकीट टिकत नाही.
किंमत मी बदललेली नाही. दोनशे ग्रॅमचं पाकीट १४० रुपये, सगळीकडे तेच. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "तुमच्या लेबलामुळे माझा माल जप्त झाला, दंड तुम्हीच भरा." नोटिशीसोबत जप्त पाकिटाच्या फोटोची झेरॉक्स आहे, खाली जोडतेय. नीट दिसत नाही, काळपट आलीये.

लेखाजोखा | सकाळी ९.४८
ताई, मोठं करून बघा. किमतीच्या जागी पांढरा चौकोन आहे आणि त्यावर १६५. हे स्टिकर तुमचं आहे?

चटकमटक | सकाळी १०.०५
नाही!! आमच्याकडे स्टिकर मशीनच नाहीये. तारीख आणि किंमत मी रबरी शिक्क्यानं मारते. हे त्यानं लावलंय आणि वर मलाच दंड भरायला सांगतोय!

घिसाडघाई | सकाळी १०.०९
बघा. आता त्या दुकानदाराचं नाव इथं टाका, सगळ्यांना कळू दे.

लेखाजोखा | सकाळी १०.२२
नाव टाकू नका, खुलाशात लिहा. म्हणजे असं: हे पाकीट आम्ही अमुक तारखेला, अमुक बिलानं, १४० रुपये छापील किमतीला दिलं. त्याच लॉटची पाकिटं आमच्याकडे शिल्लक आहेत, त्यांवर १४० चा शिक्का आहे, फोटो जोडला आहे. १६५ चं स्टिकर आम्ही लावलेलं नाही आणि त्याला संमतीही दिलेली नाही. पंचनाम्याची प्रत मागा. बिलाची प्रत, दुकानदाराची ऑर्डर, शिल्लक पाकिटाचा फोटो, सगळं जोडा. रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा आणि त्याच दिवशी ईमेलही करा. स्टिकर लावून किंमत कमी करायला नियमात मुभा आहे, तीही मूळ किंमत न झाकता. वाढवायला अजिबात नाही.
पण दोष दोन लिहिलेत. "घोषणा अपूर्ण" कशाबद्दल? मागच्या बाजूचा फोटो टाका.

तेलघाणा | सकाळी १०.४०
मागे शाकाहारीची हिरवी खूण आहे का तेही बघा.

लेखाजोखा | सकाळी १०.४१
तेलघाणा, तो फूडचा विषय.

तेलघाणा | सकाळी १०.४४
पाकीट एकच आहे ना शेवटी.

चटकमटक | सकाळी ११.३०
मागची बाजू जोडली. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी.

माय_मराठी | सकाळी ११.५२
इंग्रजी कशाला? महाराष्ट्रात विकताय, मराठी पुरे. दुकानाच्या पाट्यांना मराठीची सक्ती आणि पाकिटाला नाही?

लेखाजोखा | दुपारी १२.१०
नियम ९ प्रमाणे या घोषणा हिंदी देवनागरीत किंवा इंग्रजीत असाव्या लागतात. मराठी सोबत चालते, नुसती नाही. ताईंनी दोन्ही दिलंय ते बरोबर आहे.

माय_मराठी | दुपारी १२.१५
हा अन्याय आहे. वेगळा धागा काढतो.

नाना_मंडई | दुपारी १२.२०
काढा.

लेखाजोखा | दुपारी १२.३५
फोटो बघितला. फोन आहे, ईमेल आहे, महिना-वर्ष आहे. प्रति ग्रॅम भाव कुठे आहे? एकक विक्री किंमत आता लिहावी लागते. किलोच्या आतलं पाकीट असेल तर प्रति ग्रॅम. १४० भागिले २००, म्हणजे ०.७० रुपये. ते नाहीये, आणि ते दुकानदाराच्या गळ्यात घालता येणार नाही.

चटकमटक | दुपारी १.०२
ग्रॅमचा भाव? मसाला ग्रॅमवर कोण विकत घेतं? आणि पाच हजार पाऊच छापून पडलेत माझ्याकडे. ते काय चुलीत घालू?

घिसाडघाई | दुपारी १.१०
म्हणूनच म्हणतो, लहान माणसाला मारायचे नियम आहेत हे.

तोलूनमापून | दुपारी १.४५
एक वर्षापासून वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. ग्रॅमच्या भावाचा नियम लहान माणसाच्या विरोधात नाही. १८० ग्रॅमचं पाकीट २०० च्या शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मोठ्या कंपन्यांमुळे तो आला. पाकिटाची ठरीव मापं होती तो तक्ता काढून टाकला, त्या जागी हे आणलं. पण कळवलं कुणी नाही, हे खरंय. आमच्या पापडाच्या धंद्यात अजून निम्म्यांना माहीत नाही.
पाऊच चुलीत घालायची गरज नाही ताई. किंमत आणि तारीख शिक्क्यानंच मारता ना? मग नवा शिक्का करून घ्या, किमतीखाली "प्रति ग्रॅम ०.७० रुपये" अशी ओळ. वेगळं स्टिकर चिकटवू नका, ते परत नियमात अडकतं. शिक्क्याची शाई पुसणारी नको, चटणीचं तेल लागलं की किंमतच उडते.

चटकमटक | दुपारी २.१५
हे बरं सांगितलंत. शिक्क्यावर जागा होईल. मग खुलाशात प्रति ग्रॅमचं लिहायचं की गप्प बसायचं?

नाना_मंडई | दुपारी २.३०
म्हणूनच पहिल्यापासून सांगतोय. तेवढ्या दोषाचं प्रशमन करा.

लेखाजोखा | दुपारी ३.०५
आता नानांशी सहमत आहे, अर्धा. स्टिकरचा आरोप नाकारा, पुराव्यासकट. घोषणेच्या दोषाबद्दल दुरुस्ती केली असं लिहा, नव्या शिक्क्याच्या पाकिटाचा फोटो जोडा आणि त्यापुरतं प्रशमनाला तयार असल्याचं कळवा. दोन्ही एकत्र कबूल करू नका. एक लक्षात ठेवा, एकदा प्रशमन झालं की तीन वर्षांच्या आत तोच दोष परत सापडला तर प्रशमन मिळत नाही, थेट कोर्ट. म्हणून चटण्यांच्या पाकिटांवरही आजच बघून घ्या.
आणि नियम २७ ची नोंदणी आहे का? पॅकिंग करणाऱ्यानं सुरुवातीच्या नव्वद दिवसांत नाव नोंदवायचं असतं, पाचशे रुपये.

चटकमटक | दुपारी ३.२०
ती आहे. त्या वेळी एजंटानं करून दिली होती, त्यानं पाचशेचे किती घेतले ते विचारू नका.

घिसाडघाई | दुपारी ३.३१
किती?

चटकमटक | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०
खुलासा गेला, पोचपावती यायची आहे. ऑफिसात फोन लावला तर म्हणाले, साहेब इलेक्शन ड्युटीवर आहेत, २३ ला निकाल लागला की मग बोला. दुकानदार फोन उचलत नाही, त्याच्याकडे माझी ३,२०० ची उधारी थकलीय. ती कशी काढायची?

नाना_मंडई | संध्याकाळी ७.०५
उधारी निघणार नाही. पुढचा माल रोखीनं द्या.

उद्यमी | संध्याकाळी ७.१२
उद्यम आहे ना? मग थकलेल्या बिलासाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर अर्ज करता येतो. पंचेचाळीस दिवसांच्या वर थकलं की चक्रवाढ व्याजासकट मागता येतं. मी म्हणत होतो ना उद्यमचं.

लेखाजोखा | संध्याकाळी ७.२०
या वेळी उद्यमींचं ऐका. बिल आणि माल पोचल्याची सही शोधून ठेवा.

कुरडई | संध्याकाळी ७.४४
आणि वाळवलेला कांदा उन्हातला की मशीनमधला, ते राहिलंच.