मदत हवी आहे: पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीन) एलसीपीचे (लिक्विड क्रिस्टल पॉलिमर) तंतू का होत नाहीत?

मिश्रक२९०: पीपी कडक करायला त्यात वजनाने २०% व्हेक्ट्रा ए९५० हे एलसीपी मिसळलंय. ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर (वितळवून मिसळणारं मशीन), २९० अंश सेल्सिअस. मॉड्युलस (कडकपणा) जेमतेम वाढला आणि एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) तंतूंऐवजी गोल थेंब! स्क्रूचा वेग वाढवला, कमी केला, काही फरक नाही. उद्याच मशीन मिळणार आहे. काय बदलू?

साचेकार: पीपीचा एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स; जास्त म्हणजे वितळल्यावर पातळ) किती? डायनंतर (मशीनचं तोंड) स्ट्रँड, म्हणजे बाहेर येणारा दोरा, ताणला का? एसईएमचा तुकडा नमुन्याच्या कातडीतला (बाहेरचा थर) की गाभ्यातला?

पॉलिओलेफिन: सोपं आहे. मॅलेइक ॲनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं पीपी ५% टाका. दोन्ही प्लास्टिकमध्ये पकड येईल.

साचेकार: पकड येईल, तंतू येणार नाहीत. थेंब बारीक होतात, आणि थेंब जितका बारीक तितका तो ताणायला अवघड.

पॉलिओलेफिन: पण दोन्हींमधला पृष्ठताणही घटतो ना? मग ताणणं सोपंच व्हायला हवं.

साचेकार: घटतो, म्हणून १-२% ला माझी हरकत नाही. ५% नको. शिवाय एलसीपी पॉलिएस्टर आहे. त्याच्या टोकांशी इपॉक्सी गट जास्त चांगला जोडला जातो, म्हणजे ग्लायसिडिल मेथाक्रिलेटवालं कोपॉलिमर बघा. पण ते नंतर. आधी तंतू.

कोरडा_दाणा: एलसीपी १५० अंशांवर किमान ४ तास वाळवलं का? ओलावा राहिला तर साखळ्या तुटतात. पीपी त्याच ड्रायरमध्ये घालू नका, दाणे चिकटून गोळा होईल. आणि २९० ला पीपीही तुटतं, तेव्हा फिनॉलिक आणि फॉस्फाइट अँटिऑक्सिडंट हवंच.

काचतंतू: एवढा खटाटोप कशाला? २०% ग्लास फायबर टाका, काम झालं.

साचेकार: प्रश्न एलसीपीचा आहे. ग्लासने व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) वाढते आणि स्क्रू झिजतो, एलसीपीने दोन्ही होत नाही. वेल्ड लाइन (साच्यात दोन प्रवाह जुळतात ती रेघ) मात्र दोन्हीकडे कच्ची.

पारदर्शी: पीसीमध्ये (पॉलिकार्बोनेट) ५% एलसीपी टाकलं तर पारदर्शकता टिकेल का?

साचेकार: नाही. वेगळा धागा काढा.

मिश्रक२९०: वाळवलं होतं. एमएफआय १२. डाय ३ मिमी, स्ट्रँड पाण्यातून थेट पेलेटायझरला (दाणे कापणारं यंत्र), दाण्याचा व्यास २.५ मिमी. मग त्या दाण्यांचे ४ मिमी जाडीचे डम्बेल (चाचणीचे नमुने), इंजेक्शनही २९० लाच. तुकडा मधून तोडला.

साचेकार: हे आधी सांगायला हवं होतं. तीन चुका आहेत.

पहिली: ड्रॉ रेशो (स्ट्रँड किती पट ताणला ते) म्हणजे डाय आणि स्ट्रँडच्या व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग. तुमचा १.४, म्हणजे ताण जवळजवळ नाहीच. पुलर (स्ट्रँड ओढणारं यंत्र) वेगाने चालवून स्ट्रँड ०.८ मिमीवर आणा, रेशो १४ होईल. तंतू मुख्यतः लांबवणाऱ्या प्रवाहात बनतात, नुसत्या शिअरने (थर एकमेकांवर सरकण्याने) नाही; म्हणूनच स्क्रूच्या वेगाने फरक पडला नाही. ताणणं हवेतच झालं पाहिजे, तेव्हा डाय आणि पाणी यांत अंतर ठेवा. एलसीपी पीपीच्या आधी गोठतं, त्यामुळे बनलेला तंतू तसाच राहतो.

दुसरी, आणि सगळ्यात महाग: ए९५० सुमारे २८० ला वितळतं. २९० ला इंजेक्शन केलं की तंतू वितळून पुन्हा थेंब. पीपी १६५ च्या आसपास वितळतं, म्हणून २००-२२० ला मोल्ड करा आणि बॅक प्रेशर (स्क्रूवरचा मागचा दाब) कमी ठेवा, नाहीतर तंतू तुटतील.

तिसरी: एमएफआय १२ चं पीपी २९० ला फारच पातळ होतं. एलसीपी मॅट्रिक्सपेक्षा (इथे पीपी) पातळ हवं, तेव्हा एमएफआय २-३ चं पीपी घ्या. जमल्यास दोन्हींची व्हिस्कॉसिटी २९० ला कॅपिलरी रिओमीटरवर (व्हिस्कॉसिटी मोजायचं उपकरण) मोजा.

पॉलिओलेफिन: ४ मिमीच्या गाभ्यात थेंबच दिसणार. कातडीचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून प्रवाहाच्या दिशेने तोडा. आधी स्ट्रँडचाच फोटो काढा, मोल्डिंगआधी तंतू आहेत की नाही तिथेच कळेल.

मिश्रक२९०: उद्या ०.८ मिमी करतो. मॉड्युलस किती अपेक्षित धरू?

साचेकार: वजनाने २०% म्हणजे आकारमानाने जेमतेम १४%, कारण एलसीपीची घनता १.४ आणि पीपीची ०.९. मॉड्युलस एलसीपीचा १०, पीपीचा १.५ गिगापास्कल धरा: मिश्रणाच्या नियमाने (आकारमानाच्या हिश्शानुसार सरासरी) सुमारे २.७. ही सगळे तंतू एकाच दिशेला असतानाची संख्या आहे. आडव्या दिशेला फारसं काही मिळणार नाही.

मिश्रक२९०: आणि स्ट्रँड ताणताना तुटला तर?

साचेकार: आधी रेशो ८ वर आणा, मग वाढवा. तरी तुटला तर एलसीपी १०% वर आणून बघा.