डीएनएस पुरे, पण टोकनातला ‘ऑड’ तपासाच

एका पोस्टमध्ये म्हटलंय, की चार-पाच सर्व्हिसेसना (एकमेकींशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम) एकमेकींचा पत्ता शोधायला कॉन्सुलसारखं वेगळं सॉफ्टवेअर कशाला, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) पुरे; ते पटलं. नाशकात अंबडला आमची द्राक्ष पॅकहाउसची सिस्टिम तशीच चालते. पण त्याच पोस्टमधलं ‘आतल्या नेटवर्कात ऑथरायझेशन (रिक्वेस्टला परवानगी आहे का, याची तपासणी) नको’ हे अजिबात पटत नाही, आणि कारण डीएनएसमध्येच आहे. जावा एकदा शोधलेला आयपी डीफॉल्टने ३० सेकंद धरून ठेवतं. तेवढ्यात कंटेनर (सर्व्हिस ज्यात चालते तो सॉफ्टवेअरचा डबा) बंद पडला आणि तोच आयपी दुसऱ्या सर्व्हिसला मिळाला, की रिक्वेस्ट भलत्याच दारात. सगळ्याच सर्व्हिसेस ८०८० या एकाच पोर्टवर ऐकत असतील तर कनेक्शनसुद्धा बिनबोभाट लागतं.

ऐन हंगामात आमच्याकडे क्रेटच्या वजनाची नोंद अशीच बिलिंगकडे गेली. रिक्वेस्टसोबतच्या टोकनावरची (टोकन म्हणजे सही केलेलं डिजिटल ओळखपत्र) सही अस्सल, मुदतही शिल्लक. फक्त ‘ऑड’मध्ये (aud, म्हणजे टोकन कोणत्या सर्व्हिससाठी आहे ते) ‘वजन’ लिहिलेलं होतं, म्हणून बिलिंगनं ४०१ (‘ओळख मान्य नाही’ असा एरर) देऊन परत पाठवली. जेडब्ल्यूटी या टोकन-प्रकाराच्या आरएफसी ७५१९ या मानकात (२०१५) हे स्पष्ट आहे: टोकनात ‘ऑड’ असेल आणि त्यात आपलं नाव नसेल, तर ते नाकारलंच पाहिजे. तरी बऱ्याच लायब्ऱ्या अपेक्षित नाव दिल्याशिवाय हे तपासत नाहीत, तेव्हा ते प्रत्येक सर्व्हिसच्या कॉन्फिगमध्ये द्याच. जावाचा डीएनएस कॅशही पाच सेकंदांवर आणा.