मदत हवी आहे: असमियात 'स'चा 'ख़' नेमका कुठे होतो?

असमिया शब्दांची उच्चारयादी देवनागरीत करते आहे. श, ष, स तिन्हींचा ख़ ('ख़बर'मधला, घशाशी हवा घासत निघणारा घर्षक) असा नियम लावला: सात – ख़ात, असम – अख़म. पण पुस्तकातला स तसाच राहतो आणि माणसाला 'मानुह' म्हणतात. शब्दारंभ बलवान, दोन स्वरांमधली जागा दुर्बल असं धरलं, तर सातमधला स टिकायला हवा होता. कुठे चुकतंय?

प्रतिसाद: तुम्ही एकाच नियमातून तिन्ही रूपं काढताय, तिथे अडतंय. बदलांचे थर दोन आहेत. जुन्या थरात स्वरानंतरचा ऊष्म (श, ष, स यांपैकी कुठलाही) खरोखर दुर्बळ झाला. जिभेचं घर्षण गेलं, श्वास तेवढा उरला: दश – दह, वंश – बाँह, कार्पास – कपाह. मराठी 'दहा'ची वाट हीच. पुढच्या थरात उरलेले ऊष्म ख़ झाले आणि तिथे शब्दारंभानेही संरक्षण दिलं नाही. संरक्षण मिळालं ते लगतच्या व्यंजनाचं: पुस्तक, स्पष्ट, श्री. तत्सम शब्द उशिरा आले, त्यांना जुना नियम लागलाच नाही. म्हणून 'दह', पण दशकचा 'दख़क'. आपल्याकडेही दहा आणि दशक असेच शेजारी आहेत.

पुन्हा प्रश्न: मग 'चारि'चा उच्चार 'सारि' होतो, तो स ख़ का नाही झाला?

प्रतिसाद: कारण च-छचा स मागून आला. क्रम उलटा लावून पाहा: चारि – सारि – ख़ारि. असं कुणी बोलत नाही. म्हणून आधी ह, मग ख़, शेवटी च-छचा स, याच क्रमाने प्रत्येक शब्द चालवा.

मराठीशी तुलना इथे फार उपयोगी आहे. मच्छचा मासा, छुरिकेची सुरी, म्हणजे छचा स आपणही केला. पण तो जुन्या स मध्ये मिसळला. 'सात' आणि 'सुरी' यांचा आरंभ आपल्याला सारखाच ऐकू येतो. असमियात जुना स आधीच घशाकडे सरकून ख़ झाला होता, म्हणून 'ख़ात' आणि 'सुरि' वेगळे राहिले.

यादीत लेखन आणि उच्चार यांचे रकाने वेगळे ठेवा. लिपी बंगालीसारखी दिसते, त्यामुळे बंगाली उच्चाराच्या सवयीने ख़च्या जागी 'श' लिहिला जातो. ती चूक सर्रास होते. त आणि टमध्येही उच्चारभेद नाही, दोन्ही दंतमूलीय, म्हणजे वरच्या दातांमागच्या हिरडीला जीभ लावून. अक्षरं सांगताना म्हणूनच 'दन्त्य त', 'मूर्धन्य त' म्हणावं लागतं, आणि च, छ यांना 'प्रथम स', 'द्वितीय स'.