माणा गाव हिवाळ्यात खाली येतं, मग रस्त्याचे मजूर वर का?

सह्यभटका: २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या वर माणाजवळ बीआरओच्या (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संस्था) कामावरच्या मजुरांच्या कंटेनरच्या कॅम्पवर हिमस्खलन आलं, ५४ जण अडकले, ४६ जिवंत निघाले, ८ गेले. आदल्या संध्याकाळीच चंदीगडच्या डीजीआरईने (हिमस्खलनाचा अंदाज देणारी संरक्षण खात्याची संस्था) माणा ज्यात येतं त्या चमोलीसकट आसपासच्या जिल्ह्यांना २४०० मीटरच्या वर हिमस्खलनाचा इशारा दिला होता, आणि माणा तर ३२०० मीटरच्या आसपास. मंदिर हिवाळ्यात बंद, उद्धव-कुबेराच्या मूर्तीसुद्धा खालच्या पांडुकेश्वर गावी आणतात, गावकरी खाली उतरतात. म्हणजे ज्यांचं ते गाव आहे ते थांबत नाहीत आणि पोटासाठी यूपी-बिहारमधून आलेले थांबतात. हे मला अजिबात मान्य नाही. भर हिवाळ्यात तिथे मजुरांचा कॅम्प नकोच.

उत्तरवारा: पूर्ण असहमत. तो रस्ता माणा पासकडे, तिबेटच्या सीमेकडे जातो. वर जवान आहेत, एखादा आजारी पडला तर बर्फ न हटवता त्याला खाली आणणार कसं? शिवाय इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो, नेमका कुठला उतार सुटेल ते त्यात नसतं. रात्री बर्फाच्या वादळात ५४ माणसं त्याच दरीतून चालवली असती आणि वाटेत हिमस्खलन झालं असतं तर? आणि राहायच्या लोखंडी कंटेनरमुळेच बरेच वाचले हे विसरू नका. उघड्यावर पुरलेला माणूस वाचायची शक्यता पंधरा-वीस मिनिटांनंतर झपाट्याने घटते, हवाच मिळत नाही. इथे काहींना दुसऱ्या दिवशी जिवंत काढलं.

सह्यभटका: रात्री चालवा असं मी म्हटलेलंच नाही. वेस्टर्न डिस्टर्बन्स (हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन पाऊस-बर्फ आणणारी हवामान प्रणाली) येतोय हे हवामान खातं काही दिवस आधी सांगतं, बर्फ पडायच्या आधी उतरवा ना.

मीरा_के: तुम्ही दोघं कॅम्प कुठे टाकला होता हे बघतच नाही आहात. हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतं, त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठत नाही, थोडाथोडा गळत राहतो. वादळात वारा एका बाजूचा बर्फ उडवून दुसऱ्या बाजूला रचतो, खालचा थर कच्चा असला की नव्या वजनाने सगळा थरच्या थर सुटतो. पण तो उतरतो बहुतेक नेहमीच्याच नाळेतून (उतारावरच्या घळीतून), आणि त्या नाळा गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात!! कॅम्प टाकायच्या आधी त्यांना विचारायला काय लागतं?

उत्तरवारा: नाळेचं पटलं. पण त्या अरुंद दरीत सपाट जागा कितीशी आहे?

सह्यभटका: नसेल तर मशीन वर ठेवा, माणसं पांडुकेश्वरला.

उत्तरवारा: आणि रोज वाटेतल्या हनुमानचट्टीवरून वर-खाली? वाटेतही उतार आहेतच, उलट रोजचा धोका वाढेल.

सह्यभटका: इशारा असेल त्या दिवशी वर जायचंच नाही. दोन दिवस रस्ता बंद राहू दे. अगदी जिवावर बेतलेला जवान असेल तर हवा उघडल्यावर हेलिकॉप्टर आहे, या मजुरांना काढायलाही शेवटी तेच लागलं.