डायबेटिक बोका अचानक वेगळाच वागतोय, आजारी आहे की रुसलाय?

गोट्याची_आई
नमस्कार मंडळी, आमचा गोट्या, देशी बोका, वय 11. मागच्या महिन्यात डायबेटिस निघाला. पाणी ढसाढसा प्यायचा, ट्रेमधल्या वाळूत (लिटरमधे) लघवीचे हे एवढे मोठे गोळे, आणि दिवसभर खा खा करूनही पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता. आता ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन चालू आहे, सकाळ संध्याकाळ एक एक युनिट. पाणी पिणं कमी झालं म्हणून आम्ही जरा निर्धास्त होतो पण या आठवड्यात काहीतरी बिनसलंय, बेल वाजली की दाराशी धावत यायचा तो येत नाही, पलंगाखाली जाऊन बसतो, हात लावला की गुरगुरतो आणि काल तर बाथरूमसमोरच्या पायपुसण्यावर सू केली, जे त्याने जन्मात केलं नव्हतं. मागचे पाय पण टाचेपर्यंत पूर्ण टेकवून चालतो. सासूबाई म्हणतात रोज सुया टोचता म्हणून रुसलाय. परवाची अपॉइंटमेंट आहे, तोपर्यंत नक्की काय बघू?

बोकोबा
ताई, मांजर रुसतं ते तासाभरासाठी, आठवडाभर नाही. आमची मनी तीन वर्षं इन्सुलिनवर होती त्यावरून सांगतो, पहिलं म्हणजे वेळ बघा. इंजेक्शननंतर साधारण 4 ते 8 तासांत शुगर सगळ्यात खाली जाते, तेव्हाच तो झिंगल्यासारखा चालतो का, डोकं थरथरतं का, शून्यात बघत बसतो का, किंवा एकदम वेड्यासारखा खायला मागतो का? तसं असेल तर शुगर लो होतेय. लगेच खायला द्या, खात नसेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून चोळा (तोंडात ओतायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं) आणि डॉक्टरांना फोन. पुढचं इन्सुलिन त्यांना विचारल्याशिवाय नाही.

उलट दिवसभर मलूल, खाणं बंद, उलट्या आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, हे कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) वाढल्याचं लक्षण, त्यात सकाळपर्यंत पण थांबायचं नाही, सलाइन लावावं लागतं. वास सगळ्यांनाच येतो असं नाही, आमच्या घरात मला यायचा, बायकोला यायचा नाही, म्हणून केमिस्टकडून लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या आणून ठेवा.

मागचे पाय टेकवून चालणं हे शुगर बरेच दिवस जास्त राहिल्याने नसांवर परिणाम होतो त्यामुळे, कंट्रोलमधे आली की बऱ्याच मांजरांचं हळूहळू सुधारतं, महिने लागतात पण.

आणि एक, सिरिंज कुठली वापरताय? ग्लार्जिन साधारणपणे एका मिलीला 100 युनिटवालं असतं आणि आपल्याकडे बरेच केमिस्ट न विचारता लाल टोपीची, 40 युनिटवाल्या इन्सुलिनची सिरिंज देतात. त्यातून भरलं तर अडीचपट डोस जातो.

चहाबाज
आमच्या ओळखीत कारल्याचा रस देऊन माणसाची शुगर आली खाली. थोडा ट्राय करून बघा, नैसर्गिक आहे.

लिटरवाली_मावशी
चहाबाज, कृपया नको. मांजर कारलं पिणार नाही हे एक आणि वर उलटी झाली, खाणं सुटलं तर इन्सुलिनचं सगळं गणित फिसकटतं. माणसांच्या शुगरच्या गोळ्यापण मनाने देऊ नका.

गोट्याची_आई, मला त्या पायपुसण्याचीच जास्त काळजी वाटते. लघवीत साखर असली की इन्फेक्शन पटकन होतं, मग ट्रेमधे गेलं की दुखतं म्हणून ते मऊ जागा शोधतात, आणि दुखतंय म्हणूनच हात लावू देत नाहीत. ट्रेमधे किती वेळा जातो, जोर करतो का, थेंब थेंब येते का ते बघा. बोका आहे, त्यामुळे जोर करूनही काहीच येत नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी उचलून न्या, लघवी तुंबून एका दिवसात जिवावर बेतू शकतं.

गोट्याची_आई
सिरिंज नारिंगी टोपीची आहे, 100 लिहिलंय, आत्ता जाऊन परत बघितलं. दुपारी झिंगत नाही. पण मावशी, ट्रेमधे सारखा जातोय खरं, आणि लघवी होतेय पण थोडी थोडी. डॉक्टरांना फोन केला, परवा नको आजच या म्हणाले, सहाला जातोय. खाणं पण आज अर्धंच झालंय, संध्याकाळचं इन्सुलिन द्यायचं का?

लिटरवाली_मावशी
ते तिथेच विचारा, अर्धं खाल्लंय हे न विसरता सांगा. लघवीचं कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघायची टेस्ट) करायला सांगा. आणि दवाखान्यात शुगर 300 च्या वर दिसली तर लगेच घाबरू नका, पिंजरा, रिक्षा, कुत्र्यांचं भुंकणं, भीतीनेच मांजराची शुगर चढते. फ्रुक्टोसामीन नावाची टेस्ट असते त्यात मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज येतो.

बोकोबा
+१. आणि घरी शुगर मोजायचं मीटर घ्याच. कानाची कड हाताने चोळून गरम करायची, मागे कापूस धरायचा, कडेला बारीक शीर दिसते तिच्या बाजूला टोचायचं, आणि लगेच आवडीचा खाऊ. आमची मनी नंतर मीटरचा डबा उघडला की स्वतः येऊन बसायची, खाऊसाठी हो. माणसांचं मीटर मांजरात आकडा जरा कमी दाखवतं, तरी 60-70 च्या आसपास दिसला तर खरा धरून चाला. आणि वहीत वेळ, आकडा, किती खाल्लं, किती वेळा सू, सगळं लिहा, डॉक्टर डोस त्यावरूनच ठरवतात. संध्याकाळी काय झालं ते कळवा.