दहावीनंतर डिप्लोमा की अकरावी सायन्स?

परळकर_पालक: मुलगी दहावीत आहे. गणित चांगलं, पाठांतर नको वाटतं. शाळेतून ‘सायन्सच घ्या’ एवढंच सांगतात. कुठलं बरं?

खटपट्या: इंजिनिअरिंग पक्कं असेल तर डिप्लोमा. तीन वर्षं, प्रवेश दहावीच्या मार्कांवर. मुंबईत वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय आधी बघा. पुढे डिप्लोमाच्या मार्कांवर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी (प्रवेश परीक्षा) लागत नाही. मुलं अडकतात ती तिथल्या गणितात, कारण डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस डिप्लोमात तेवढं खोल होत नाही. सुट्टीतच उरकून घ्यायचं. मेडिकलचा विचार डोक्यात जरासाही असेल तर मात्र अकरावीच, बायोलॉजीसकट.

चाळीतला_मास्तर: दोन्हीकडे फॉर्म भरा, प्रक्रिया वेगवेगळ्या आहेत. अकरावीच्या पसंतीक्रमात पहिलं नाव उगाच टाकू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. विरारहून चर्चगेटचं कॉलेज पहिलं टाकणारे इथेच फसतात! ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत आत्ताच तपासा. निकालानंतर सेतू केंद्रात दाखल्यांसाठी झुंबड असते.

फिटर_भाऊ: आयटीआय कुणी बोललंच नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स) एक वर्षाचा. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. हातानं काम आवडतं का, ते तिलाच विचारा.